पणजीचे माहेर आणि परदेशी गेलेली लेक

नोकरीनिमित्त अबुधाबीस आलेल्या कोणत्याही भारतीय कुटुंबाच्या कपाटात कागदपत्रांची एक जाडजूड फाइल हमखास सापडते. जन्माचे दाखले, विवाहाचा दाखला, पदवीपत्रे आणि त्यांच्या पाठीवर मुंबईपासून वकिलातीपर्यंतच्या शिक्क्यांची रांग. वृद्ध आईवडिलांना येथे आणावयाचे झाल्यास ते आपलेच आईवडील आहेत, हेही कागदावर सिद्ध करावे लागते. ज्या पिढीने घर सोडले नाही तिला आपण कोणाचे कोण, हे कोणी विचारीत नाही. गावाला ते ठाऊकच असते. घर सोडणाऱ्यालाच ते लिहून द्यावे लागते. पूर्वजांच्या शोधात या साध्या गोष्टीचा केवढा उपयोग होतो, हे मला आमच्या शाळेतील एका ऑस्ट्रेलियन सहशिक्षिकेमुळे कळले.

या बाईंचे खापरपणजोबा आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातून व्हिक्टोरियात गेले. १८४५ मध्ये आयर्लंडमधील बटाट्याचे पीक रोगाने गेले आणि पुढील काही वर्षांच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली. तितकीच किंवा त्याहून अधिक देश सोडून गेली. बहुतेकांनी अमेरिकेची वाट धरली, पण पुष्कळजण ऑस्ट्रेलियासही पोहोचले. १८४८ ते १८५० या काळात तर अनाथालयवजा दरिद्रीगृहांतील चार हजारांहून अधिक मुली सरकारी योजनेखाली सिडनी, मेलबर्न आणि ॲडलेड येथे धाडल्या गेल्या. त्यांच्या आईबापांविषयी आयर्लंडमध्ये काय शोधावे? १९२२ च्या जून महिन्यात यादवी युद्धात डब्लिनचे सरकारी दफ्तरखाने जळाले आणि १८२१ पासूनच्या जनगणनांची बहुतेक सर्व बाडे राख झाली. त्यानंतरच्या काही जनगणनांचे कागद तर सरकारनेच आधी नष्ट केले होते. संपूर्ण अशी जनगणना उरली ती १९०१ आणि १९११ ची. पन्नास वर्षांपूर्वी मरून गेलेली आई त्यांत कशी सापडणार?

मग शोध घेणारे उलट दिशेने जातात. व्हिक्टोरियात १८५३ पासून मृत्यूची जी नोंद होऊ लागली, तीत मृताच्या बापाचे नाव, आईचे नाव आणि तिचे माहेरचे आडनावसुद्धा लिहिण्याची पद्धत होती. आयर्लंडमधील झोपडीत राहून मेलेल्या बाईचे माहेर अशा रीतीने दहा हजार मैलांवर मेलेल्या मुलाच्या दाखल्यात टिकून राहिले. बाईंच्या खापरपणजोबांच्या दाखल्यात जन्मस्थळ म्हणून केवळ 'क्लेअर' एवढेच होते. त्यावरून गाव लागणे अशक्य. परंतु १८४७ ते १८६४ या काळात आयर्लंडभर जमिनीच्या कराची जी मोजणी झाली, तिच्या याद्या शिल्लक आहेत. त्यांत बापाचे आडनाव आणि आईचे माहेरचे आडनाव ही दोन्ही शेजारी शेजारी कोठे येतात, हे बाईंनी पाहिले. आयर्लंडमध्ये 'टाउनलँड' म्हणजे आपल्याकडील वाडीसारखे साठ हजारांहून अधिक लहान विभाग आहेत. दोन्ही घरे एकत्र सापडतील अशी वाडी त्यांना एकच मिळाली.

हे ऐकताना मला आपल्या आडनावांची आठवण होणे स्वाभाविक होते. आयरिश माणसाला जी वाडी शोधण्यास वर्षे लागतात, ती आपल्या आडनावातच बसलेली असते. दिवेआगरचे दिवेकर, किहीमचे किहीमकर, आवासचे आवासकर, झिराडचे झिराडकर, पेणचे पेणकर. कुलाब्यातील (१९८१ पासून रायगड जिल्ह्यातील) शंभराहून अधिक गावे आपल्या आडनावांत जिवंत आहेत. मात्र या सोयीतही दोन खाचखळगे आहेत. पहिला असा की, ब्रिटिश काळी पलटणीत किंवा कचेरीत गेलेल्या कित्येकांनी गावाचे आडनाव गाळून केवळ स्वतःचे आणि बापाचे नाव लावले. मुंबईचे पहिले सिनेगॉग, आपण ज्याला जुनी मशीद म्हणतो ते, १७९६ मध्ये बांधणारे सॅम्युएल इझिकेल म्हणजेच समाजी हसाजी दिवेकर. परंतु ज्याला समाजी म्हणजे सॅम्युएल आणि हसाजी म्हणजे इझिकेल हे ठाऊक नाही, त्याला ही दोन निरनिराळी माणसे वाटतील. इसाजीचा आयझॅक, इसुबजीचा जोसेफ, दाऊदजीचा डेव्हिड होताना अशी किती घरे एकमेकांस अनोळखी झाली असतील! कराची, एडन येथे नोकरीस गेलेल्या घराण्यांच्या बाबतीत तर हा घोटाळा पावलोपावली होतो.

दुसरा खाचखळगा अधिक खोल आहे. आडनाव गाव सांगते ते पुरुषाचे. लग्न होऊन सासरी आलेल्या बाईचे माहेर त्यात नाही, आणि पुष्कळदा तिचे पाळण्यातील नावही लग्नात बदललेले असते. केतुबात वधूच्या बापाचे नाव येते, आईचे येत नाही. आजारी माणसासाठी प्रार्थना करताना आपण त्याला आईच्या नावाने पुकारतो, पण तिची आई कोण, हे विचारले तर घरातील तिसऱ्या पिढीला सांगता येत नाही. आमच्या घरी माझ्या पणजीला सारे 'पेणची आई' म्हणत. ती पेणला नांदली आणि तेथेच वारली. ती आली कोठून, हे माझ्या आजीने सांगितले असेलही. ऐकणाऱ्यांपैकी आज कोणी नाही.

पणजीची धाकटी मुलगी, म्हणजे आमची मावशीआजी, १९५० नंतर नवऱ्यामुलांसह इस्राएलला गेली. तिची नात, नात्याने माझी बहीण, मार्च २०२३ मध्ये अबुधाबीस आली. सप्टेंबर २०२० च्या करारापूर्वी हे शक्यच नव्हते. इस्राएली पारपत्रावर या देशात पाऊल ठेवता येत नसे. नुकतेच उघडलेले सादियात बेटावरील मोझेस बेन मैमन सिनेगॉग, त्याच आवारातील मशीद आणि चर्च पाहून आम्ही घरी परतलो, तेव्हा तिने पर्समधून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेला एक कागद काढला. तो मराठीत होता. तिला मराठी बोलता येते, आमच्यापेक्षाही जुन्या वळणाचे. परंतु अक्षर वाचता येत नाही. आईच्या पश्चात ट्रंकेत सापडलेला हा कागद तिने काही वर्षे न वाचताच सांभाळला होता.

त्या कागदाचे मर्म समजण्यासाठी तरुण वाचकांस थोडा इतिहास सांगणे प्राप्त आहे. १९६२ साली इस्राएलच्या मुख्य रब्बिनेटने विवाह नोंदविणाऱ्यांना सूचना दिली की, बेने इस्राएल वधूवरांची आई, आईची आई, अशी शक्य तितक्या मागील पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. शतकानुशतके शब्बाथ पाळणाऱ्या, ज्यांना कोकणात त्यापायीच शनवार तेली हे नाव पडले, त्या लोकांना तुमच्या आज्या कोण होत्या, असे विचारले गेले. समाज दुखावला, जेरुसलेममध्ये निदर्शने झाली, धरणे धरले गेले. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू आहेत असे जाहीर केले आणि त्या सूचनेतून आपल्या समाजाचे नाव वगळण्यात आले.

बहिणीच्या आईचे लग्न या दोन वर्षांच्या मधले. त्या वेळी पेणहून मागविलेले हे पत्र होते. खाली समाजातील तीन वृद्धांच्या सह्या; एकाने सहीऐवजी अंगठा उमटवला आहे. पत्र जेमतेम बारा ओळींचे. वधूची आई अमक्याची मुलगी. तिची आई, म्हणजे माझी पणजी, चौलच्या अमक्याची थोरली लेक. आणि तिचीही आई नागावची, हे आम्ही आमच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकत आलो आहोत, असे त्यात लिहिले आहे. पणजीचे पाळण्यातील नावही आहे. चौल आणि नागाव ही दोन गावे मी मोठ्याने वाचली, तेव्हा बहिणीने मला ती पुन्हा वाचावयास लावली.

त्या काळी ज्या प्रश्नाने आमच्या माणसांचा अपमान झाला, त्याच प्रश्नाचे उत्तर आज घरातील एकमेव पुरावा ठरावे, याचा मला आनंद मानावा की राग, हे अजून ठरविता आलेले नाही. बहिणीचे मत स्पष्ट आहे: प्रश्न वाईट होता, पण म्हाताऱ्यांनी उत्तर छान दिले.

पुढील जुलैच्या सुट्टीत मी चौल-रेवदंड्यास गेले. आखाती शाळांची सुट्टी आणि कोकणचा पाऊस यांचा मुहूर्त एकच असतो, त्यामुळे कबरस्तानात गुडघाभर गवत होते. जुन्या दगडांवर मुळातच अक्षरे नाहीत. नवगावच्या आद्य पूर्वजांच्या कबरींवरही नव्हती, तेथे इतर काय अपेक्षावे? अक्षरे असलेले काही दगड पावसात ओले असताना मात्र चांगले वाचता आले. पणजीच्या बापाचे नाव त्यांत नव्हते.

ते सापडले शाळेत. शिक्षकी पेशातील माणसास हे सुचावे यात नवल नाही. शाळेचे जनरल रजिस्टर हे कायम जपावयाचे दफ्तर असते; मुलाचे नाव, बापाचे नाव, जात, जन्मतारीख, शाळा सोडल्याचे कारण, सारे त्यात येते. तेथील एका जुन्या मराठी शाळेच्या मुख्याध्यापकांनी कपाट उघडून दिले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातील पानावर जातीच्या रकान्यात 'इस्राएल' अशी नोंद असलेले तीन विद्यार्थी होते. त्यांपैकी एकाच्या बापाचे नाव आणि गाव पत्रातल्याप्रमाणेच. तो पणजीचा धाकटा भाऊ असावा, असे मी मानते. आयरिश बाईंच्या हिशेबाने दोन धागे एका वाडीत जुळले, तर तेवढे मानण्यास हरकत नाही. शाळा सोडल्याचे कारण, 'मुंबईस गेला'. पणजी त्या रजिस्टरात नाही. तिला शाळेत घातलेच नसावे.

मुंबईस गेलेल्या त्या भावाचा वंश आज कोठे आहे, हे कळण्यास त्याचेही कागद परदेशी गेलेल्या कोणाच्या तरी ट्रंकेत शोधावे लागतील. लोद, दिमोना, बीरशेबा, अश्दोद, सिडनी येथील वाचकांच्या घरी १९६२ ते १९६४ या काळात भारतातून मागविलेली अशी मराठी पत्रे असण्याचा संभव आहे. ज्यांना ती वाचता येत नसतील त्यांनी छायाचित्र संपादकांकडे पाठवावे. मी वाचून, स्वच्छ अक्षरांत उतरवून परत पाठवीन. मोडीतील असल्यास थोडा वेळ लागेल. रेवदंड्याच्या कबरस्तानातील गवत पावसाळ्यापूर्वी काढून देण्यास अलिबागच्या इस्राएल आळीतील कोणी तयार असल्यास तेही कळवावे. माझी सुट्टी यंदाही जुलैतच आहे.