आरसी बुकात नसलेला नंबर

“बॉडी टकाटक आहे, इंजिन एका सेल्फमध्ये चालू होतं, गिअरबॉक्सचं तेवढं किरकोळ काम आहे.” जुन्या गाड्यांच्या व्यवहारात हे वाक्य हमखास ऐकू येतं. ऐकणारा तोवर क्रोमच्या पट्टीवरून हात फिरवत असतो, त्यामुळे त्या किरकोळ कामाकडे त्याचं लक्ष जातं ते विसार दिल्यानंतर. पत्रा ठोकून मिळतो, सीटकव्हर शिवून मिळतं, इंजिनचं बोअरिंग कुठल्याही तालुक्याच्या गावी होतं. दात खाल्लेला सेकंड गिअर मात्र सहजासहजी मिळत नाही. चार-चार वर्षं जॅकवर उभ्या असलेल्या कित्येक देखण्या गाड्या अशाच एखाद्या वीतभर लोखंडापायी अडकलेल्या असतात.

महाराष्ट्रात या प्रकरणाची सगळ्यात ओळखीची नायिका म्हणजे प्रीमियर पद्मिनी. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी उभी केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डी बाहेर पडू लागली आणि १९७४ मध्ये त्याच गाडीचं पद्मिनी असं बारसं झालं. इटलीत फियाटने ११०० मालिका १९६९ मध्येच बंद केली. कुर्ल्यात मात्र ती नव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत बनत राहिली. इंजिन १०८९ सीसी, गिअर चार, गिअरची दांडी स्टिअरिंगच्या खाली. शेवटच्या काळातल्या काही गाड्यांत ती दांडी खाली जमिनीवर आली. म्हणजे पद्मिनी हे एकच नाव असलं तरी पोटातला माल एकसारखा असेलच असं नाही.

या गाडीच्या सुट्या भागांचा बाजार जगवला तो मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने. दिवसभर सिग्नलला पहिला-दुसरा करणाऱ्या टॅक्सीचा गिअरबॉक्स झिजणारच, आणि झिजणार म्हणून दुकानदार माल भरून ठेवणार. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. रोजचं गिऱ्हाईक गेल्यावर शौकिनांच्या अधूनमधूनच्या मागणीवर कोण माल भरणार? कुर्ल्याच्या भंगारात, पुण्याच्या नाना पेठेत किंवा दिल्लीच्या मायापुरीत आज जे मिळतं, ती जुनी शिल्लक असते नाहीतर मोडलेल्या गाडीतून काढलेला माल.

बिघडतं काय, हे समजून घेतलं तर घेणारा निम्मा सावध होतो. गिअर बदलताना वेगवेगळ्या गतीने फिरणारे दोन भाग एकमेकांत अडकवायचे असतात. त्यांची गती आधी जुळवते ती सिंक्रो रिंग, बहुतेक जुन्या गाड्यांत पितळी. चालत्या एसटीत चढणारा माणूस आधी दोन पावलं गाडीसोबत पळतो, तसं काहीसं. पितळ मऊ असल्यामुळे झीज आधी या रिंगेची होते. रिंग गेली की गिअर टाकताना खरखर येते. तसंच रेटत राहिलं की दातांच्या कडा गोल होतात, आणि मग ॲक्सिलरेटर सोडला की गिअर आपोआप सुटतो. खरखर ऐकू आली तर रिंगेवर भागतं. गिअर सुटू लागला की खर्चाचा आकडा बदलतो.

यासाठी ट्रायल घ्यायची तीही गिअरबॉक्सची. गाडी तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आणावी, उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये पाय काढून बघावा. उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून, न्यूट्रलमध्ये क्लच सोडल्यावर गुणगुण येत असेल आणि दाबल्यावर थांबत असेल तर संशय बेअरिंगवर घ्यावा. पद्मिनीत चालत्या गाडीत पहिला पडत नाही म्हणून कुणी नाक मुरडू नये. तिच्या पहिल्या गिअरला मुळात सिंक्रो नाहीच. जुने टॅक्सीवाले तिथे डबल क्लच मारत. स्टिअरिंगखालच्या दांडीचे सांधे आणि बुश ढिले झाले तरी गिअर नीट पडत नाही, आणि तो दोष अगदी स्वस्तात निघतो. विकणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर घेणाऱ्याची चांदी.

शेवटी गिअरबॉक्सचं तेल एका पांढऱ्या ताटलीत काढावं आणि त्यात लोहचुंबक फिरवावा. सोनेरी चकाकी तेलातच राहिली तर ते पितळ, म्हणजे रिंगा झिजताहेत. चुंबकाला काळसर कीस लागणं चालतं. कपचे लागले तर गाडीवाल्याचा चहा पिऊन निघावं. नवं तेल भरतानाही चूक होते. ‘जास्त भारी’ म्हणून जीएल-५ दर्जाचं तेल ओततात, पण त्यातल्या गंधकयुक्त रसायनांचा पितळी रिंगांना त्रास होऊ शकतो. जुन्या बॉक्सला जीएल-४ बरं.

भाग मिळणं गाडीच्या दुर्मिळपणावर ठरत नाही. तोच बॉक्स आणखी कशाकशात बसला होता, यावर ते ठरतं. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीची हेराल्ड आज रस्त्यावर क्वचित दिसते. पण मूळ ट्रायम्फ हेराल्ड इंग्लंडमध्ये पाच लाखांहून अधिक बनली, आणि तिच्याच आखूड केलेल्या चासीवर स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार निघाली. तिकडे या गाड्यांचे क्लब आहेत, सुटे भाग नव्याने बनतात. इकडच्या मालकाला कस्टम ड्युटी भरण्याची तयारी ठेवावी लागते. उत्तरपाड्याच्या कॉन्टेसाची गोष्ट वेगळी. तिला पुढे इसुझुचं १.८ लिटर इंजिन आणि पाच गिअर मिळाले, आणि नव्वदच्या दशकात हेच इंजिन ॲम्बेसेडरलाही बसलं. म्हणून कॉन्टेसावाल्याने शोध घ्यायचा तो मोडीत निघालेल्या ॲम्बेसेडरचा. फक्त पैसे देण्याआधी केसिंगवरचा नंबर आणि मेन शाफ्टच्या आट्या मोजून जुळवाव्यात.

पिढ्यान्पिढ्या ग्रीसच्या कागदात गुंडाळलेली नवी कोरी रिंग दुकानदाराने फळीवरून काढून दिली तरी लगेच हुरळून जायचं कारण नाही. आपला जुना गिअर पिशवीत घालून सोबत न्यावा. रिंग त्याच्या शंकूवर दाबून फिरवावी. ती पकड घेते का ते हाताला कळतं. मग रिंग आणि गिअरच्या दातांमधल्या फटीत फीलर गेज घालावा. फट जवळजवळ मिटली असेल तर डब्यावर काहीही छापलेलं असो, ती रिंग घेण्यात अर्थ नाही.

काहीच मिळालं नाही तर बनवून घ्यायचा मार्ग उरतो. भोसरी किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या वसाहतींत गिअर कापणारे कारागीर आहेत. अडचण अशी की झिजलेला दात आपला मूळ आकार सांगत नाही. दातांची संख्या, मॉड्यूल, तिरपेपणाचा कोन मोजून तो आकार गणिताने शोधावा लागतो. नंतर मिश्रधातूचं पोलाद कापायचं, वरचा थर भट्टीत कडक करायचा आणि आतला गाभा चिवट ठेवायचा. भट्टीत गिअर किंचित वाकतो, म्हणून शेवटी ग्राइंडिंग. हे सोपस्कार टाळून नुसत्या लोखंडाचा गिअर कुणी कापून दिला तर तो दिसतो सुरेख आणि टिकत नाही. शिवाय एकाच नगासाठी मशीन लावायचं तर खर्च आवाक्याबाहेर जातो. तीच गाडी असलेल्या आठ-दहा मालकांनी मिळून ऑर्डर दिली तरच हिशेब बसतो, आणि दोन अडकणारे गिअर जोडीनेच बनवलेले बरे.

दुसरा बॉक्स बसवणं हा तिसरा मार्ग. जॅग्वार ई-टाइपच्या १९६४ पूर्वीच्या गाड्यांतला मॉस गिअरबॉक्स असाच बिनसिंक्रो पहिल्याचा आणि आळशी. परदेशात कित्येक मालक त्याजागी आधुनिक पाच गिअरचा बॉक्स बसवतात आणि मूळ बॉक्स तेल लावून माळ्यावर ठेवतात. आपल्याकडे पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये विंटेज नोंदणीचे नियम आले. ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो, पहिल्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात आणि गाडी मूळ रूपात असावी ही अट असते. त्या वाटेने जायचं असेल तर कापाकापी करण्याआधी आरटीओत विचारलेलं बरं.

व्यवहाराच्या दिवशी एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. आरसी बुकात इंजिन नंबर असतो, चासी नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो. आधीच्या मालकाने कुठला बॉक्स कधी बसवला, हे कागद सांगत नाही. त्यामुळे गाडी रॅम्पवर चढवायला लावावी, केसिंगवरचा नंबर चिखल खरवडून वाचावा, त्याचा फोटो काढावा आणि तो भाग मिळेल का हे दोन दुकानदारांना विचारूनच किंमत बोलावी. उत्तर ‘बघतो’ असं आलं, तर गाडीला गिअरबॉक्स नाहीच असं धरून आकडा सांगावा. विकणारा रागावेल. त्याच्याकडे सुटा पडलेला एखादा जुना बॉक्स असेल, तर तो बहुधा याच वेळी गोडाऊनमधून बाहेर निघतो.