एकाच मैदानावर शनिवार-रविवार

पायोनिअर स्क्वेअरच्या जुन्या विटांच्या इमारतींमधून ट्रम्पेटचा आवाज येतोय. शनिवारची संध्याकाळ. ऑक्सिडेंटल स्क्वेअरमध्ये जमलेले सिएटल साउंडर्सचे चाहते गळ्यात हिरवे-निळे स्कार्फ घालून लुमेन फील्डच्या दिशेनं निघतात. झेंडे फडकताहेत, सोबत संघाचा ‘साउंड वेव्ह’ बँड. मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी मंडळाची फुटबॉल मॅच असली, की पेठेतून पोरं अशीच निघतात. या गर्दीत शिरायला मला वेगळी ओळख लागत नाही.

दक्षिणेकडच्या गॅलरीत बसत कुणीच नाही. म्होरके मैदानाकडे पाठ करून उभे राहतात आणि गाणं उचलून देतात. मॅच सोडून ते आम्हालाच पाहत असतात. शिट्टी होते आणि ४५ मिनिटं घड्याळ थांबत नाही. टाइमआउट नाही, जाहिरातीसाठी विश्रांती नाही. चेंडू मधल्या फळीत फिरतोय, डावीकडून उजवीकडे, पुन्हा मागे. नवख्याला वाटावं, काहीच घडत नाही. पण आमचा डावा बचावपटू हळूहळू वर सरकलाय, समोरच्या विंगरला मागे यावं लागतंय, आणि मधे एक मोकळी जागा उघडतेय. सत्तराव्या मिनिटाला तिथूनच क्रॉस येतो. हेडर! चेंडू खांबाला लागून बाहेर. हजारो हात डोक्यावर जातात. क्षणभरात ढोल पुन्हा सुरू.

मॅच ०-० सुटते. खेळाडू आमच्या टोकाशी येऊन टाळ्या वाजवतात, आम्हीही वाजवतो. हे मैदान मोठ्या विजयांनाही सरावलेलं आहे: १० नोव्हेंबर २०१९ ला ६९,२७४ प्रेक्षकांसमोर साउंडर्सनी टोरंटोला ३-१ हरवून एमएलएस कप जिंकला, ४ मे २०२२ ला मेक्सिकोच्या प्यूमासला ३-० नमवून कॉन्ककॅफ चॅम्पियन्स लीग. पण सॉकरच्या चाहत्याची खरी कसोटी आजसारख्या कोरड्या संध्याकाळी लागते. गोल होवो न होवो, त्यानं नव्वद मिनिटं संघाला एकटं पडू द्यायचं नाही.

रविवारची दुपार. हेच मैदान, पण कृत्रिम हिरवळीवर आता दर पाच यार्डांवर पांढरी रेघ आहे. आज अमेरिकन फुटबॉलच्या सीहॉक्सचा दिवस. दक्षिण टोकाला उंचावर ‘१२’चा झेंडा चढतो. मैदानात खेळाडू अकरा, बारावा प्रेक्षक. १९८४ मध्ये संघानं १२ नंबरची जर्सी चाहत्यांच्या मानासाठी कायमची राखून ठेवली.

इथे खेळ तुकड्यातुकड्यांनी चालतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, नाहीतर चेंडू गमवायचा. ६० मिनिटांचा सामना तीन तासांवर पसरतो. वॉल स्ट्रीट जर्नलनं २०१० मध्ये मोजलं, तेव्हा चेंडू प्रत्यक्ष खेळात असण्याचा वेळ सुमारे ११ मिनिटं भरला होता. याच आकड्यावरून सॉकरवाले या खेळाला नावं ठेवतात. मला मात्र त्या विरामांमध्येच खेळ दिसतो. शेजारच्या आजीबाई दुर्बीण खाली न घेता सांगतात, “सात यार्ड हवेत. पळणार नाहीत, पासच टाकतील.” बचावाची रचना बदलतेय, पाहुण्यांचा डाव चालवणारा क्वार्टरबॅक हात हलवून सहकाऱ्यांना सरकवतोय, आणि गॅलरी उभी राहते.

आता उठतो तो आवाज छातीत आदळतो. प्रेक्षकांवर दोन्ही बाजूंनी झुकलेली छपरं तो मैदानातच परत फेकतात. २ डिसेंबर २०१३ ला इथे १३७.६ डेसिबलची नोंद झाली होती. त्या वेळचा तो विश्वविक्रम. पाहुण्यांच्या क्वार्टरबॅकचे शब्द चार पावलांवरच्या माणसालाही ऐकू जात नाहीत. त्यांच्या पुढच्या फळीतला एक धिप्पाड टॅकल चेंडू सुटण्याआधीच हलतो. पिवळा रुमाल पडतो: फॉल्स स्टार्ट, पाच यार्ड मागे. ते पाच यार्ड आम्ही मिळवलेत! थोड्या वेळानं चेंडू आपल्याकडे येतो आणि तीच गॅलरी एकदम चिडीचूप होते, कारण आता आपल्या क्वार्टरबॅकचे शब्द पोचायला हवेत. कधी गर्जायचं आणि कधी तोंड मिटायचं, हे कळणं म्हणजेच इथलं चाहतेपण.

एक खेळ माझ्याकडे निष्ठा मागतो, दुसरा अचूक वेळ साधायला सांगतो. मला दोन्ही हवेत. ज्यानं शनिवारी गोलाविना गायला शिकून घेतलं, त्याला रविवारचे विराम रिकामे वाटत नाहीत.

शेवटचं मिनिट. सीहॉक्स तीन गुणांनी पुढे. पाहुण्यांचा चौथा प्रयत्न, दोन यार्ड हवेत. आजीबाई दुर्बीण गळ्यात सोडतात, दोन्ही हात तोंडाशी नेतात आणि ओरडतात, “उठा रे, सगळे उठा!” सगळी गॅलरी उठते.