कथा विकली म्हणजे काय विकलें?

दिवाळीच्या आधीं चार महिने लेखकाच्या घरीं संपादकांचीं पत्रें येऊं लागतात. नोकरी आणि संसार सांभाळून वर्षभरांत दोनच चांगल्या कथा लिहून झालेल्या असतात, आणि मागणी मात्र पांच अंकांची असते. अशा वेळीं मनांत येतें कीं, एकच कथा दोघांना दिली तर काय बिघडलें? कांहीं लेखक तसें करून बसतात आणि संपादकांच्या विश्वासाला कायमचे मुकतात. उलट कांहीं इतके भिडस्त असतात कीं, एकदां छापून आलेल्या कथेवर आपला कसलाच अधिकार उरला नाहीं असें समजून ती कपाटांत ठेवून देतात. दोघांचीही चूक एकाच गैरसमजांतून उगवते. कथा ही धान्याच्या पोत्यासारखी एकदां दिली कीं संपणारी वस्तु आहे, असें दोघेही धरून चालतात.

कथेचें स्वामित्व हें वस्तुतः शेताच्या मालकीसारखें आहे. मालक शेत न विकतां एकाला खरिपाचें पीक देतो, दुसऱ्याला बांधावरचे आंबे विकतो, तिसऱ्याला गवत कापूं देतो. आणि तरीही सात-बाराच्या उताऱ्यावर नांव त्याचेंच राहतें. मासिकांत प्रथम छापणें, दुसऱ्या नियतकालिकांत पुनर्मुद्रण करणें, संग्रहांत घेणें, दुसऱ्या भाषेंत उतरविणें, नभोवाणीवर वाचणें, रंगभूमीवर वा पडद्यावर आणणें, हे सर्व निरनिराळे हक्क आहेत. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानें ते प्रथमतः लेखकाच्या हातीं दिले आहेत, आणि त्यासाठीं नोंदणीचीही सक्ति नाहीं. वृत्तपत्राचा पगारी नोकर म्हणून लिहिणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याच्या लेखनाचा नियतकालिकांत छापण्यापुरता हक्क, उलट करार नसल्यास, मालकाचा असतो. स्वतंत्र लेखकाला हा नियम लागू नाहीं. संपादकाला त्याच्याकडून कथेचा एखादा विशिष्ट उपयोग करण्याची मुभा मिळते. ती कोणती, हें लेखकानेंच स्पष्ट केलें पाहिजे.

ही वांटणी फायद्याची कशी होते, तें इंग्लंडांतील एका उदाहरणावरून दिसेल. लँकशरमधील बोल्टन गांवीं टिलॉट्सन नांवाच्या वृत्तपत्रमालकानें १८७३ सालीं एक योजना काढली. नामांकित लेखकाची कादंबरी घ्यावयाची आणि ती क्रमशः अनेक गांवांच्या साप्ताहिकांना पुरवावयाची. एका गांवचें पत्र दुसऱ्या गांवीं फारसें वाचलें जात नसे. त्यामुळें कोणाचाच तोटा होत नसे, आणि एकट्या लहान पत्राला न परवडणारी रक्कम अनेकांच्या हातभारानें उभी राही. वाचकवर्ग वेगळा असावा आणि व्यवहार सर्वांना ठाऊक असावा, हें एकच कथा अनेकांना देण्याचें मर्म येथें दिसतें.

पुढें याच संस्थेनें टॉमस हार्डीची ‘टेस’ ही कादंबरी, करार झालेला असतांनाही, १८८९ मध्यें नाकारली. तींतील प्रसंग तिला आपल्या वाचकांसाठीं योग्य वाटले नाहींत. आणखी दोन मासिकांनीं ती साभार परत केली. तेव्हां हार्डीनें आक्षेपार्ह ठरणारे प्रसंग काढून कादंबरी ‘ग्राफिक’ साप्ताहिकाला क्रमशः दिली. मरणोन्मुख अर्भकाला टेस स्वतःच बाप्तिस्मा देते, तो वगळलेला प्रसंग ‘फोर्टनाइटली रिव्ह्यू’ या मासिकांत, आणि दुसरा एक भाग ‘नॅशनल ऑब्झर्व्हर’ पत्रांत स्वतंत्रपणें छापून आला. अमेरिकेंत तीच कादंबरी ‘हार्पर्स बझार’मधून निघाली. १८९१ च्या अखेरीस तुकडे बहुतेक पुन्हा जोडून पुस्तक प्रसिद्ध झालें. एका कृतीचा एकाच वर्षांत पांच ठिकाणीं उपयोग झाला. पण एका पत्राला जें दिलें, तें त्या देशांतील दुसऱ्या पत्राला दिलेलें नव्हतें.

मराठींत १९०९ सालीं ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक निघाला आणि पुढें ती प्रथा घरोघर रुजली. येथें मात्र टिलॉट्सनची युक्ति चालत नाहीं. एकच कुटुंब वाचनालयांतून एकामागून एक अंक बदलून आणतें. तीच कथा दोन अंकांत भेटली तर संपादकाच्या आधीं त्या घरांतील आजींनाच ती ओळखूं येते. शीर्षक बदललें आणि नायिका सुधा होती तिची मालती केली, म्हणून कथा नवी होत नाहीं. दिवाळी अंकाला द्यावयाचा तो प्रथम प्रकाशनाचा हक्क, आणि ‘प्रथम’ ही गोष्ट दोनदां घडत नसते. परंतु अंक निघून गेल्यावर त्याच कथेचा हिंदी वा कन्नड अनुवाद, तिचें नभोवाणीवरील वाचन, कथासंग्रह, किंवा परप्रांतांतील महाराष्ट्र मंडळाच्या वार्षिकांत पुनर्मुद्रण, या वाटा लेखकाला खुल्या राहतात.

संपादकाच्या पत्रांत पुष्कळदां एवढेंच असतें कीं, कथा स्वीकारली आहे आणि मानधन अमुक मिळेल. अशा मोघम व्यवहारांत कायदा लेखकाच्या पाठीशीं आहे. हक्काची मालकी दुसऱ्याकडे जाण्यास सहीचा लेख लागतो. तोंडच्या बोलण्यानें ती जात नाहीं. लेखांत मुदत लिहिली नसेल तर ती पांच वर्षांची, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता, असें धरलें जातें. घेतलेला हक्क वर्षभरांत वापरला नाहीं, तर, वेगळें ठरलेलें नसल्यास, तो लेखकाकडे परत येतो. परंतु ‘सर्व हक्क कायमचे’ या तीन शब्दांखालीं सही झाली कीं, यांपैकीं बहुतेक आधार गळून पडतात. लेखकाच्या मृत्यूनंतरही साठ वर्षें हे हक्क टिकतात. म्हणजे घाईनें केलेल्या सहीचें नुकसान नातवंडांपर्यंत पोंचतें.

उद्यां कोणतें माध्यम निघेल, हेंही सही करतांना ठाऊक नसतें. अमेरिकेंत सहा स्वतंत्र लेखकांनीं छापील अंकांसाठीं दिलेले लेख प्रकाशकांनीं त्यांची संमति न घेतां संगणकावरील संग्रहांत घातले. २००१ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें सात विरुद्ध दोन मतांनीं लेखकांच्या बाजूनें निकाल दिला. भारतांतही २०१२ च्या दुरुस्तीपासून, करार करतांना जें माध्यम अस्तित्वांत नव्हतें, तें स्पष्ट उल्लेखावांचून करारांत येत नाहीं. तेव्हां छापील अंकाबरोबर संकेतस्थळ किंवा श्राव्य आवृत्ति यांचा हक्क मागितला गेला, तर त्याचा मोबदला निराळा ठरवून घेण्यांत कोणताही उद्धटपणा नाहीं.

कथेबरोबरच्या पत्रांत एक वाक्य पुरेसें होतें: ‘ही अप्रकाशित कथा आपल्या यंदाच्या दिवाळी अंकांत मराठींत प्रथम छापण्याचा हक्क देत आहे, इतर सर्व हक्क लेखकाकडे राहतील.’ दुसऱ्या संपादकाकडे तीच कथा पाठवितांना ती पूर्वीं कोठें व केव्हां छापली गेली, हें पहिल्याच ओळींत सांगावें. एकाच वेळीं दोघांकडे पाठविली असेल, तर तेंही दोघांना कळवावें, आणि एकाचा होकार येतांच त्याच दिवशीं दुसऱ्याला लिहावें. घरांत जमाखर्चाची वही असते, तिच्याशेजारीं कथांची एक वही ठेवावी: कोणती कथा, कोणता हक्क, कोणाला, किती मुदतीसाठीं. मानधनाचा धनादेश एकदांच वटतो. ही वही मात्र पुढें मुलांच्याही उपयोगीं पडते.