200 तास कुठे भरतील?

संक्रांतीला पानिपतजवळच्या काला अंबच्या युद्धस्मारकापुढे माथा टेकायला महाराष्ट्रातून माणसं येतात. जानेवारीतलं तिथलं धुकं इतकं दाट असतं, की सकाळी हमरस्त्यावरची पुढची गाडीही दिसेनाशी होते. याच रस्त्याने उत्तरेला पस्तीसेक किलोमीटरवर कर्नाल लागतं. तिथे छोटी धावपट्टी आहे, हरियाणा सरकारची वैमानिक प्रशिक्षण संस्था आहे. अंतराळवीर कल्पना चावला या गावची. विमानांची ओढ तिला इथेच लागली.

पायलट व्हायचं ठरवलेल्या मराठी मुलामुलींनी आणि त्यांच्या आईवडिलांनी या धुक्याचा विचार आधी करावा, असं मला कळकळीने वाटतं. घरात चर्चा होते ती फीची, देशात की परदेशात याची, नोकरीच्या हमीची. व्यावसायिक परवान्यासाठी मात्र 200 तासांचं उड्डाण लागतं. त्यातले 100 तास विमानाची पूर्ण जबाबदारी स्वतःवर घेऊन उडायचे असतात. शिकाऊ वैमानिक बाहेर बघून उडतो, त्यासाठी साधारण 5 किलोमीटरची दृश्यता हवी. धुक्यात विमानं हँगरमध्ये आणि मुलं हॉस्टेलमध्ये बसून राहतात. खोलीचं भाडं, मेसचा खर्च आणि कर्जाचं व्याज चालूच असतं.

ही अडचण सरकारच्या स्वतःच्या अकादमीलाही चुकलेली नाही. उत्तर प्रदेशातल्या फुरसतगंजची इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमी देशातली नावाजलेली संस्था. हिवाळ्यात उड्डाणाचे तास वाढावेत म्हणून 2021च्या सुमारास तिने आपलं प्रशिक्षण थेट आपल्या गोंदियापर्यंत आणलं. गोंदियाची ही बिरसी इथली धावपट्टी ब्रिटिशांच्या काळातली. तिथला जानेवारी लख्ख असतो, पण जुलै-ऑगस्टचा पाऊस मात्र जोरदार. बारामती आणि धुळे पर्जन्यछायेत असल्याने तिथे पावसाळ्याचा जाच तुलनेने कमी. बॉम्बे फ्लाइंग क्लब 1928 पासूनचा, जुहूचा. 1929 साली जे. आर. डी. टाटांना परवाना मिळाला तो तिथूनच. आज मुंबईच्या आकाशात शिकाऊ विमानाला जागा कुठली? क्लबचं उड्डाण-प्रशिक्षण धुळ्याला चालतं. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर एअर इंडियाने वर्षाला 180 वैमानिक घडवण्याची योजना जाहीर केली आहे.

हवामानाइतकीच रसदही महत्त्वाची. पानिपतच्या लढाईआधी, ऑक्टोबर 1760 मध्ये, भाऊसाहेबांच्या फौजेने कर्नालजवळचा कुंजपुरा जिंकला. धान्याचा मोठा साठा हाती आला. पण अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला, दिल्लीची वाट तुटली आणि पुढचे अडीच महिने फौजेची उपासमार झाली. उड्डाण-प्रशिक्षणातही मुलं हुशारीत क्वचितच कमी पडतात, रसद तुटते. संस्थेच्या माहितीपत्रकावर वीस विमानं असली, तरी त्यातली आज उडणारी किती हे महत्त्वाचं. सुटे भाग न मिळाल्याने किती उभी आहेत? दर विमानामागे विद्यार्थी किती? प्रशिक्षक टिकतात की एअरलाइनमध्ये जागा मिळताच निघून जातात? सेसना 172 ला अ‍ॅव्हगॅस हे विमानांचं पेट्रोल लागतं, डायमंडची डिझेल इंजिनाची विमानं जेट इंधनावर चालतात. इंधन कुठून येतं, किती दिवसांचा साठा असतो, हेही निःसंकोच विचारावं. प्रशिक्षण लांबलं की चाचणी-उड्डाणांची मुदत संपते, ती पुन्हा द्यावी लागतात, पुन्हा पैसे मोजावे लागतात.

सुरक्षेबद्दल विचारायला तर मुळीच लाजू नये. ऑक्टोबर 2023 मध्ये बारामतीजवळ रेड बर्ड या संस्थेची दोन विमानं चार दिवसांत कोसळली आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) संस्थेचं प्रशिक्षण थांबवलं. 2025 पासून डीजीसीए प्रशिक्षण संस्थांची श्रेणीही जाहीर करू लागली आहे. पहिल्या फेरीत सर्वांत वरच्या दोन श्रेणी एकाही संस्थेला मिळाल्या नाहीत. ही यादी प्रवेशाआधी जरूर पाहावी.

अमेरिका किंवा दक्षिण आफ्रिकेत तास लवकर भरतात, हे खरं. पण परत आल्यावर डीजीसीएचे पेपर, इथली वैद्यकीय तपासणी आणि परवान्याचं रूपांतर यातून सुटका नाही. म्हणून, कुठेही जायचं असलं तरी क्लास 1 मेडिकल आधी करून घ्यावं. रंगांधळेपणासारखी गोष्ट फी भरल्यावर कळली तर घर कोसळतं. पेपरही शक्यतो आधीच द्यावेत. भारतात परवान्यालाच 40 लाखांच्या पुढे खर्च जातो आणि विशिष्ट विमानाचं टाइप रेटिंग त्यावर वेगळं. शेत विकून किंवा घर गहाण ठेवून हे पैसे उभे करणारी कुटुंबं आपल्याकडे आहेत.

शक्य असेल तर प्रवेशाआधी दोन दिवस त्या धावपट्टीपाशी जाऊन थांबावं. तेही संस्थेच्या वाईट महिन्यात, उत्तरेत जानेवारीत आणि इकडे जुलैत. सकाळपासून किती विमानं उडाली ते पाहावं. वर्षभरापूर्वी आलेल्या मुलांना गाठून एवढंच विचारावं, की आजवर तुमचे किती तास झाले? उत्तर समाधानकारक असलं तरी फी एकरकमी देऊ नये. झालेल्या तासांप्रमाणे हप्ते आणि मध्येच सोडावं लागल्यास परताव्याची अट, दोन्ही करारात लिहून घ्यावं.