पावसाळ्यात पुढे जावे की परत फिरावे?

आषाढ पौर्णिमा जवळ आली की वस्तीवस्तीतून लेणी पाहण्याच्या सहली निघतात. घरटी वर्गणी गोळा होते, बस ठरते, भगिनी पहाटे उठून भाजी-भाकरीचे डबे बांधतात. कष्टकऱ्याच्या घरात असा मोकळा रविवार क्वचितच मिळतो. म्हणूनच निघालेली बस अर्ध्या वाटेवरून फिरवायला कुणाचे मन होत नाही. धोक्याची सुरुवात येथूनच होते.

आम्ही स्वतः ही चूक केली आहे, ती आधी सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी वस्तीतील चाळीसएक माणसे घेऊन आम्ही कर्जतकडच्या एका लेण्याला गेलो होतो. वाटेत एक ओढा आडवा आला. पाणी घोट्याइतके आणि इतके स्वच्छ की तळाचे गोटे दिसत होते. गुरे राखणारे एक आजोबा म्हणाले, "साहेब, वर डोंगर काळा झालाय. पोरं घेऊन पल्याड जाऊ नका." आम्ही वर पाहिले, तर डोक्यावर ऊन होते. पुढारीपण आमच्याकडे. आम्ही म्हणालो, "बाबा, तासाभरात परत येतो." लेण्यात वंदना झाली, डबे उघडले. परत आलो तेव्हा त्याच ओढ्यात कमरेच्या वर लाल पाणी घोंगावत होते. आमच्या अंगावर मात्र तोवर थेंबही पडला नव्हता! अकरा लहान मुले आणि दोन म्हाताऱ्या आज्या यांना घेऊन आम्ही साडेचार तास काठावर बसलो. अंधार पडता पडता पाणी उतरले आणि गावकऱ्यांनी दोर धरून एकेकाला पलीकडे नेले. कुणाला इजा झाली नाही, पण त्याचे श्रेय आमच्या शहाणपणाला नव्हते.

त्यानंतर आम्ही या विषयाची माहिती जमवू लागलो. पहिली गोष्ट समजली ती ही की, लेणे वेगळे आणि गुहा वेगळी. आपले लेणे माणसाने छिन्नी-हातोड्याने कातळात कोरलेले आहे, आणि तेही पावसाळ्याचा विचार करून. भगवान बुद्धांनी भिक्खूंना पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहण्याचा नियम घालून दिला. तोच वर्षावास. त्यासाठी निवारा हवा म्हणून सह्याद्रीत विहार कोरले गेले. कान्हेरीला जाऊन पाहा. डोंगरावरचे पाणी वळवून नेणारे पन्हळ आणि पाणी साठवणारी टाकी जागोजागी दिसतात. शिलालेखांत या टाक्यांना 'पोढी' म्हटले आहे. अजिंठ्याची लेणीही वाघूर नदीच्या पात्रापासून वर, कड्याच्या पोटात कोरलेली आहेत. म्हणजे लेण्यात पाणी कोठून यावे आणि कोठे जावे, हे कोरणाऱ्यांनी ठरवलेले असते. तेथे पावसाळी धोका मुख्यतः वाटेवर असतो.

नैसर्गिक गुहेचे तसे नाही. चुनखडीच्या डोंगरात पावसाचे पाणी हजारो-लाखो वर्षे झिरपते, खडक विरघळवते आणि बोगदे तयार करते. गुहा ही पाण्याने स्वतःसाठी केलेली वाट आहे. पावसाळ्यात पाणी आपल्या वाटेने परत येते. मेघालयात अशा पुष्कळ गुहा आहेत. तेथे नवीन गुहा शोधणाऱ्या अभ्यासकांच्या मोहिमा निघतात त्या हिवाळ्याच्या कोरड्या दिवसांत.

पाणी आपल्या वाटेने परत येते म्हणजे काय, हे 2018 साली साऱ्या जगाने पाहिले. थायलंडच्या उत्तरेला चियांग राय प्रांतात थाम लुआंग नावाची सुमारे दहा किलोमीटर लांबीची गुहा आहे. 23 जून 2018 रोजी फुटबॉलचा सराव आटोपून 11 ते 16 वर्षांची 12 मुले आणि त्यांचे 25 वर्षांचे प्रशिक्षक सायकली बाहेर ठेवून आत गेले. थोडा वेळ हिंडून परत यायचे, एवढाच बेत. बाहेर फलक होता की जुलै ते नोव्हेंबर या काळात गुहेत पूर येतो. पण महिना तर जूनचा! मुले आत असताना डोंगरावर पाऊस कोसळला आणि मागची वाट पाण्याने भरली. मुले आणखी आत सरकत गेली. दहाव्या दिवशी, 2 जुलैला, दोन ब्रिटिश पाणबुड्यांना ती सापडली. तोंडापासून सुमारे चार किलोमीटर आत, काळोखात, एका उंचवट्यावर. खडकातून ठिबकणाऱ्या पाण्यावर ती जगली होती. प्रशिक्षक पूर्वी श्रामणेर होते. त्यांनी मुलांना ध्यानाला बसवून शांत ठेवले.

मुलांना बाहेर काढायला 8 ते 10 जुलै असे तीन दिवस लागले. देशोदेशींची माणसे धावून आली. पुण्याच्या किर्लोस्कर ब्रदर्स कंपनीचे तंत्रज्ञही पाणी उपसण्याच्या कामी गेले होते. नुसते आतले पाणी उपसून भागेना, तेव्हा डोंगरावर चढून गुहेत उतरणारे ओहोळच दुसरीकडे वळवावे लागले. तेराही जण वाचले. पण हवेची नळकांडी आत पोहोचवून परतताना समन कुनान हा थायलंडच्या नौदलातील माजी पाणबुडा 6 जुलैला मरण पावला. बचावकार्यात जडलेल्या रक्तदोषाने दुसऱ्या एका पाणबुड्याचा 2019 च्या डिसेंबरमध्ये अंत झाला.

वाचकहो, त्या फलकावरचा महिना आणि आमच्या डोक्यावरचे ऊन, दोन्हींनी एकच फसवणूक केली. गुहेचे तोंड कोरडे आहे, ओढा उथळ आहे, यावरून काही ठरत नाही. वर कुठे, किती पाऊस पडतो आहे, यावर ठरते. आम्ही कारकून माणूस, म्हणून हिशेबच मांडतो. एक चौरस किलोमीटर डोंगरावर 100 मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी होते दहा कोटी लिटर. वस्तीत दहा हजार लिटरचा टँकर येतो, तसे दहा हजार टँकर! यातले काही जमिनीत मुरते. पण आधीच्या पावसाने जमीन तुडुंब भिजली असेल, तर बहुतेक सारे उतरून ओढ्याला येते. शिवाय पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. म्हणून गुडघाभर पाणीही धडधाकट माणसाला आडवे करते.

मग पारख कशी करावी? निघण्यापूर्वी आदल्या संध्याकाळी आणि त्याच सकाळी हवामान खात्याचा जिल्हावार इशारा पाहावा. चोवीस तासांत 64.5 मिलिमीटरपासून पुढच्या पावसाला हे खाते 'जोरदार' म्हणते, तर 115.6 पासून पुढे 'अति जोरदार'. नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर मुलेबाळे घेऊन डोंगरात जाऊच नये. मागचे तीन-चार दिवस सतत पाऊस झाला असेल तर पिवळ्या इशाऱ्यालाही हलके लेखू नये. पायथ्याच्या गावात पोचल्यावर पहिला प्रश्न गावकऱ्यांना विचारावा आणि त्यांचे उत्तर मानावे. वाटेत ओढा ओलांडावा लागणार असेल तर जाण्याचा नव्हे, येण्याचा विचार करावा.

पाणी स्वतःही सांगत असते. स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ झाले, काटक्या-पाचोळा वाहून येऊ लागला, वरून घरघर ऐकू आली किंवा तळाचे गोटे खडखडू लागले, की त्या क्षणी काठ सोडून उंच जागी जावे. सामान गोळा करीत बसू नये. अलीकडे काही आणि पलीकडे काही माणसे अडकली, तर तशीच थांबावे आणि 112 क्रमांकावर कळवावे. नैसर्गिक गुहेत तर पावसाच्या दिवसांत शिरूच नये. भिंतींवर उंच चिकटलेला गाळ किंवा छताच्या फटीत अडकलेल्या काटक्या दिसल्या, तर पाणी तेथवर चढते हे ओळखावे.

लेण्यापाशीही सावध राहावे. शेवाळलेल्या पायऱ्यांवर घाई नको. दर्शनी भागावरून धबधबा कोसळत असेल तर त्याखाली उभे राहू नये, कारण पाण्याबरोबर दगडही येतात. लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात 30 जून 2024 रोजी एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत लहान मुले होती. तीही रविवारीच सहलीला आलेली साधी माणसे होती.

आता उरतो वर्गणीचा प्रश्न. बसचे भाडे भरलेले, लोक हिरमुसलेले, अशा वेळी "परत फिरू" म्हणणारा माणूस वाईट ठरतो. म्हणून आम्ही आता निघण्यापूर्वीच तीन गोष्टी ठरवतो. निर्णय घेणारी एक व्यक्ती, जिच्याशी वाटेत वाद घालायचा नाही. परत फिरलो तर जायची दुसरी जागा, म्हणजे एखादे विहार किंवा संग्रहालय. आणि परतीची वेळ. गेल्या दोन सहलींत एकदा आम्हाला फिरावे लागले. तरुण मंडळी रागावली, बसमध्ये तासभर कुणी बोलले नाही. मग एका विहाराच्या ओसरीवर डबे उघडले आणि मुलांचा दंगा सुरू झाला.

लेणी दोन हजार वर्षे उभी आहेत, ती पुढच्या रविवारीही जागेवरच असतील. त्या दिवशी ओढ्याकाठी थंडीने कुडकुडणाऱ्या एका मुलीने आम्हाला विचारले होते, "काका, आजोबांनी सांगितलं होतं ना?" तिला देण्यासारखे उत्तर आमच्याजवळ नव्हते. ज्याच्या मागे मुले चालतात, त्याने ओढ्यात पाय घालण्यापूर्वी तो प्रश्न स्वतःला विचारावा.