जुनी मोटारसायकल आणि चार प्रमाणं

पत्रिकेत आजचा विषय वाचून एका विद्यार्थ्याने मला वाटेतच गाठलं आणि विचारलं, "सर, तत्त्वज्ञान सोडून गॅरेज काढलंत की काय?" गॅरेज काढलेलं नाही. पण मी तीसेक वर्षं न्यायदर्शन शिकवलं आणि त्याहून थोडी जास्त वर्षं १९७४ सालची ३५० सीसीची एक बुलेट सांभाळली. या दोन उद्योगांचा एकमेकांशी जवळचा संबंध आहे, एवढंच मला आज मांडायचं आहे.

तत्त्वज्ञान आणि मोटारसायकल म्हटलं की अनेकांना रॉबर्ट पिरसिग यांचं १९७४ सालचं पुस्तक आठवतं. पिरसिग आपल्या बनारस हिंदू विद्यापीठात काही काळ तत्त्वज्ञान शिकले होते. त्यांच्या वाटेने आज मी जाणार नाही. मी आपल्या गौतमाच्या न्यायसूत्रांच्या वाटेने जाणार आहे.

आधी जुनी गाडी म्हणजे कोणती, ते ठरवू. मद्रासला १९५५ साली एन्फिल्ड इंडिया सुरू झाली, तिथली बिडाच्या इंजिनाची बुलेट. म्हैसूरच्या कारखान्यात १९६१ पासून १९९६ पर्यंत बनलेल्या जावा आणि येझदी. एस्कॉर्ट्सची राजदूत. १९८५ मध्ये आलेली आणि १९९६ मध्ये बंद झालेली यामाहा आरएक्स १००. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. त्यांच्यात कॉम्प्युटर नाही. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण कार्बोरेटर करतो, गाडी किकने सुरू होते, आणि बहुतेकींत ठिणगी कधी पडायची ते पॉइंट नावाची दोन छोटी धातूची टोकं ठरवतात. एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले. आता बहुतेक नव्या गाड्यांत इंजेक्शन आहे. काही बिघडलं की मीटरवर पिवळा दिवा लागतो आणि मेकॅनिक स्कॅनर जोडतो. निदान स्कॅनर करतो, तुम्हाला फक्त बिल समजतं. जुनी गाडी मात्र निदान तुमच्यावर सोपवते. तिचा आनंद यातच आहे आणि वैतागही यातच आहे.

नैयायिक म्हणतात, खरं ज्ञान चार मार्गांनी मिळतं. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. ही चारही प्रमाणं गाडीला लावून पाहू.

पहिलं, प्रत्यक्ष. जुन्या गाडीत बरंच काही डोळ्यांना दिसतं. प्लग काढून त्याचा रंग पाहा. दुधाच्या कॉफीसारखा फिकट तपकिरी असेल तर मिश्रण बरोबर आहे. कोरडी काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त जातंय. पांढरा पडला असेल तर पेट्रोल कमी जातंय आणि इंजिन जास्त तापतंय. बुलेटच्या ॲमीटरचा काटाही असाच बोलतो. चावी फिरवून किक हळूहळू दाबली की पॉइंट जुळतात आणि उघडतात, तसा तो काटा हलतो. काटा मध्यावर आला की डीकॉम्प्रेसर दाबून किक किंचित पुढे न्यायची, मग सोडायची आणि पूर्ण किक मारायची. ताकदीची गरज फारशी नाही, काटा पाहण्याची आहे. हे ज्याला जमलं त्याची गाडी साठ किलोचा माणूसही एका किकमध्ये सुरू करतो. ज्याला जमलं नाही त्याच्या पोटरीला उलटी किक आयुष्यभर लक्षात राहते.

दुसरं, अनुमान. इथे नैयायिकांचं लाडकं उदाहरण आपोआपच हजर होतं. डोंगरावर धूर दिसतोय, म्हणजे तिथे आग आहे. आपल्या सायलेन्सरमधूनही धूर येतो. काळा धूर असेल तर पेट्रोल जास्त जळतंय. निळसर धूर असेल तर ऑइल जळतंय, म्हणजे पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचे गाइड झिजले असणार. पण हाच नियम येझदीला लावून पाहा. ती टू-स्ट्रोक. तिच्या पेट्रोलमध्ये ऑइल मुद्दामच मिसळलेलं असतं. थोडा निळसर धूर हा तिचा स्वभाव आहे, आजार नाही. म्हणजे 'निळा धूर असेल तर रिंगा गेल्या' हा नियम एका अटीवर उभा आहे. इंजिन फोर-स्ट्रोक असलं पाहिजे. अशा लपलेल्या अटीला नैयायिक उपाधी म्हणतात. धुरावरून आग कळते, पण आगीवरून धूर कळत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. धुराला सरपण ओलं लागतं. ही 'ओल्या सरपणाची' अट वर्गात समजावताना माझा घसा कोरडा व्हायचा. गॅरेजमध्ये ती पाच मिनिटांत समजते.

एक अनुभव सांगतो. माझी गाडी यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागली की बंद पडायची. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू. परत पंधरा किलोमीटरवर बंद. ऐकणारा प्रत्येक जण सांगायचा, कंडेन्सर गेलाय, तापला की ठिणगी सोडतो. काही जण म्हणायचे कॉइल. दोन्ही निदानं अगदी समंजस. पण माझे मिस्त्री म्हणाले, "सर, काही विकत घेऊ नका. पुढच्या वेळी बंद पडली की वाट बघू नका. लगेच टाकीचं झाकण उघडा आणि किक मारा." मी तसं केलं. झाकण उघडताच हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि पुढच्या दोन किकमध्ये गाडी सुरू झाली. झाकणाला हवा आत येण्यासाठी बारीक भोक असतं. ते धुळीने बुजलं होतं. पेट्रोल जसं खाली उतरत जाई तशी टाकीत पोकळी तयार होई आणि पेट्रोल यायचं थांबे. दहा मिनिटांत झाकणाच्या फटीतून थोडी हवा शिरे आणि गाडी पुन्हा चाले. औषध काय होतं? एक टाचणी.

आता यातली गंमत पाहा. समजा कुणी रस्त्यातच नवा कंडेन्सर बसवला असता. बसवायला दहा-पंधरा मिनिटं गेलीच असती. गाडी सुरू झाली असती आणि 'कंडेन्सरच होता' हे सिद्धही झालं असतं! 'तापल्यावर बंद, थांबल्यावर सुरू' हे लक्षण तीन वेगवेगळ्या दोषांशी जुळतं. जे लक्षण असं दारोदार फिरतं, त्याला नैयायिक सव्यभिचार हेत्वाभास म्हणतात. मिस्त्रींनी न थांबता झाकण उघडायला सांगितलं, कारण त्यामुळे तिघांपैकी दोन आरोपी एकदम सुटतात. ही अन्वय-व्यतिरेकाची परीक्षा आहे. मिस्त्री चौथीपर्यंत शिकलेले होते.

तिसरं प्रमाण उपमान. ग्रंथातलं उदाहरण असं. गवय नावाचा प्राणी आपण पाहिलेला नाही. रानात राहणारा माणूस सांगतो, तो गाईसारखा असतो. मग कधीतरी रानात तसा प्राणी समोर येतो आणि आपल्याला कळतं, हाच गवय. मिस्त्री असंच शिकवतात. "टॅपेट ढिला झाला की शिलाई मशीन चालल्यासारखा आवाज येईल. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं तर कुणी मुठीने दार ठोकतंय असं वाटेल." हे ऐकल्यावर कित्येक महिने काहीच घडत नाही. मग एके सकाळी इंजिनातून शिलाई मशीन ऐकू येतं आणि आपण गाडी बाजूला घेतो. कुठल्याही मॅन्युअलमध्ये हा आवाज छापता येत नाही.

चौथं प्रमाण शब्द, म्हणजे विश्वासू माणसाचं सांगणं. खरा वैताग इथे आहे. बुलेटचा बोअर ७० मिलिमीटरचा. सिलिंडर झिजला की लेथवर बोअर करून किंचित मोठा पिस्टन घालतात. हे ठरावीक वेळाच करता येतं, मग स्लीव्ह घालावी लागते. तो पिस्टन आणायला पुण्याच्या नाना पेठेत जा, नाहीतर दिल्लीच्या करोल बागेत. दुकानदार डबी पुढे करतो आणि एकच शब्द म्हणतो, "ओरिजनल." ज्या कारखान्याला टाळं लागून पंचवीस वर्षं उलटली, त्याच्या नावाच्या नव्याकोऱ्या डब्या मिळतात. या शब्दावर विश्वास कसा ठेवायचा? वात्स्यायनाने आप्ताची व्याख्या केली आहे. ज्याला ती गोष्ट स्वतः माहीत आहे आणि जशी माहीत आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. ही व्याख्या ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या सगळ्यांना सारखीच लागू आहे, असंही तो स्पष्ट म्हणतो. जात, पदवी, वेश काहीही पाहायचं नाही. या कसोटीवर ते दुकान बहुतेक वेळा नापास होतं आणि हाताला काळं ऑइल लागलेला मिस्त्री पास होतो.

मी इथे जुन्या गाड्यांची आरती करायला उभा नाही. टू-स्ट्रोक इंजिन काही पेट्रोल न जाळताच बाहेर टाकतं. शहरातल्या रोजच्या गर्दीत तिचं कौतुक करायचं कारण नाही. कायद्याचेही व्याप आहेत. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणी नवी करावी लागते, शिवाय आपल्याकडे पर्यावरण कर आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराचे पाइप, वॉशर खराब करतं. म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवावा आणि पाइप आजच्या पेट्रोलला चालतील असे घालावेत. हे सगळं जमणार नसेल, तर गाडी जमणाऱ्याला देऊन टाकावी. यात कमीपणा काही नाही.

माझी काळजी वेगळी आहे. पिस्टन पुन्हा बनवता येईल, कारण त्याचं माप लिहिलेलं आहे. मिस्त्रींचा कान मात्र कुठे लिहिलेला नाही. माझ्या मिस्त्रींचा हात आता थरथरतो. पॉइंटची फट ते पोस्टकार्डाच्या तुकड्याने लावायचे आणि मी नंतर फीलर गेजने मोजली की ती बरोबर यायची. त्यांचा मुलगा बॅटरीवरच्या स्कूटर दुरुस्त करतो आणि त्याने तेच करावं, त्यात पोट आहे. पण चाळीस वर्षांचं हे ज्ञान आम्ही ज्ञान म्हणून कधी मोजलंच नाही. विद्यापीठात 'प्रमाण' शिकवणाऱ्या आम्ही लोकांनी शेजारच्या गल्लीतल्या आप्ताला कधी वर्गात बोलावलं नाही.

म्हणून एक विनंती. तुमच्यापैकी कुणाकडे जुनी गाडी असेल, तर या महिन्यात एक रविवार मिस्त्रींकडे वही आणि फोन घेऊन बसा. टॅपेट ढिला करून त्याचा आवाज रेकॉर्ड करा, मग बरोबर लावून परत करा. "हे तुम्ही कशावरून ओळखलंत?" असं प्रत्येक वेळी विचारा. पहिलं उत्तर "सवयीने कळतं" असंच येईल. तिथे थांबू नका, पुन्हा विचारा. आणि त्या दिवसाची मजुरी न विसरता द्या.

आता प्रश्न घेऊ.