किरायाचं घर : समज पक्के, व्यवहार कच्चे

गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस पुण्यावरून कोल्हापूरला जाते, विदर्भ एक्स्प्रेस मुंबईला. शिक्षणासाठी, नोकरीसाठी जिल्ह्यातली मुलं-मुली याच गाड्यांनी बाहेर पडतात. उलट दिशेनं गोंदियाचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, बिरसीची वैमानिक प्रशिक्षण संस्था, तिरोड्याचा वीज प्रकल्प यांमुळे बाहेरची माणसं इथं येतात. जाणाऱ्याला आणि येणाऱ्याला एकच गोष्ट तातडीनं हवी असते : किरायाची खोली.

ठगाला असाच घाईतला माणूस लागतो. घराचे फोटो, आधार कार्डाची प्रत, नोटरीचा शिक्का दाखवून तो विश्वास कमावतो. या वस्तूंनी नेमकं काय सिद्ध होतं, याबद्दल लोकांच्या मनात जे गैरसमज आहेत, त्यांवरच त्याचं दुकान चालतं.

गैरसमज : टोकन पाठवलं की घर आपल्यासाठी राखून ठेवतात.

वस्तुस्थिती : घर पाहण्याआधी गेलेल्या पैशानं राखून काहीच राहत नाही. देशभरच्या सायबर पोलिसांना या फसवणुकीचा साचा पाठ झाला आहे. जाहिरातीतलं भाडं आजूबाजूच्या दरापेक्षा बरंच कमी असतं. ‘मालक’ लष्करात किंवा सीआयएसएफमध्ये असतो, नुकतीच त्याची बदली झालेली असते, त्यामुळे घर दाखवायला तो येऊ शकत नाही. विश्वास बसावा म्हणून तो गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र पाठवतो. मग ‘गेटपास’चे काही हजार मागतो, परत मिळतील असं सांगून. त्यानंतर डिपॉझिट, त्यानंतर आणखी काही. ओळखपत्र दुसऱ्याच कुणाचं असतं आणि फोटो दुसऱ्याच घराचे. गुगल लेन्सवर तेच फोटो टाकले, तर अनेकदा भलत्याच शहरातली जाहिरात समोर येते. पुण्यातली खोली गोंदियात बसून ठरवायची असेल, तर तिथल्या नातेवाइकाला किंवा गाववाल्याला आधी घराच्या आत पाऊल टाकू द्यावं. एक रुपयाही त्यानंतरच.

गैरसमज : फसतो तो किरायदार, मालकाला तर पैसे मिळणार असतात.

वस्तुस्थिती : हाच ‘फौजी’ किरायदार बनूनही येतो. घर न पाहताच पसंत करतो आणि ॲडव्हान्स पाठवतो म्हणून क्यूआर कोड धाडतो. मालक तो स्कॅन करून पिन टाकतो आणि पैसे त्याच्याच खात्यातून जातात. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच नाही. फेब्रुवारी २०२१मध्ये दिल्लीच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या मुलीचे, जुना सोफा ऑनलाइन विकताना, याच युक्तीनं ३४ हजार रुपये गेले होते. तेव्हा हा सापळा फक्त अडाण्यांसाठी आहे, असं समजू नये.

गैरसमज : किल्ली ज्याच्या हातात, घर त्याचं.

वस्तुस्थिती : किल्ली जुन्या किरायदाराकडे असू शकते, राखणदाराकडे असू शकते, दोन दिवसांसाठी खोली घेतलेल्या माणसाकडेही असू शकते. म्हणून घर देण्याचा हक्क कुणाचा, हे कागदावरून ताडून पाहावं लागतं. गोंदिया शहरातल्या घराच्या कराची पावती नगर परिषदेची असते. शहराला लागून असलेल्या फुलचूर, कुडवा अशा गावांत ग्रामपंचायतीचा नमुना ८ पाहायचा. घर विकत घेतलेलं असेल तर खरेदीखताची सूची क्रमांक २, म्हणजे इंडेक्स टू, नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येते.

यातला एकटा कागद पुरेसा नाही. महावितरणचं बिल किंवा कराची पावती हा मालकीचा पक्का पुरावा नसतो. पण बिल, पावती आणि ओळखपत्र यांवर एकच नाव असेल, यूपीआयवर पैसे भरताना दिसणारं नावही तेच असेल आणि शेजारीही तेच सांगत असतील, तर बऱ्याच शंका फिटतात. ‘भाऊ बाहेरगावी आहे, मी त्याच्या वतीनं देतो’ असं कुणी म्हणालं, तर मुखत्यारपत्र मागावं आणि शक्य झाल्यास भावाशी व्हिडिओ कॉलवर बोलावं.

गैरसमज : अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, नोटरी पुरते.

वस्तुस्थिती : हा समज सर्वांत घट्ट रुजलेला आहे. केंद्राच्या १९०८च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. अकरा महिन्यांची प्रथा त्यातूनच आली. महाराष्ट्रात मात्र महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे. त्याच्या कलम ५५नुसार मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय नोंदणी नसताना वाद झाला, तर अटींबद्दल किरायदार जे सांगेल तेच धरलं जातं. ते खोटं ठरवणं मालकाकडे येतं.

खर्चाची भीतीही फाजील आहे. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या ०.२५ टक्के लागतं. महिना सहा हजार भाडं आणि वीस हजार डिपॉझिट असेल, तर अकरा महिन्यांचं भाडं ६६ हजार, त्यात डिपॉझिटवरचं दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज. या हिशेबानं शुल्क पावणेदोनशे रुपयांच्या आसपास येतं. नोंदणी फी वेगळी, पण तीही हजारापुढे जात नाही. ई-नोंदणीत आधार आणि बोटाच्या ठशावर दोन्ही पक्षांची ओळख पटवली जाते. नोंदणी कार्यालय मालकीची खातरजमा करून देत नाही, पण तोतया मालक ठसा द्यायला सहसा पुढं येत नाही.

गैरसमज : दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेणं बेकायदा आहे.

वस्तुस्थिती : ही मर्यादा केंद्र सरकारच्या २०२१च्या आदर्श भाडेकरू कायद्यातली आहे. तो नमुना आहे. राज्यानं स्वीकारला तरच लागू होतो. महाराष्ट्राच्या १९९९च्या कायद्यात तशी मर्यादा नाही. त्यामुळे डिपॉझिटचा आकडा, ते परत करण्याची मुदत आणि कपातीची कारणं करारातच लिहून घ्यावी लागतात.

गैरसमज : दलालाकडे महारेरा क्रमांक आहे आणि पोलिसांत फॉर्म भरला आहे, म्हणजे सगळं ठीक.

वस्तुस्थिती : महारेरा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची एजंट नोंदणी, नोंदणीकृत प्रकल्पांतल्या खरेदी-विक्रीसाठी असते, किरायाच्या खोलीसाठी नव्हे. पोलिसांना दिलेल्या फॉर्ममध्ये किरायदाराची माहिती जाते. त्यानं मालकाची मालकी सिद्ध होत नाही.

गैरसमज : पैसे पुण्याच्या माणसानं खाल्ले, तर तक्रार पुण्यालाच जाऊन द्यावी लागते.

वस्तुस्थिती : १९३० या क्रमांकावर देशात कुठूनही फोन करता येतो आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. फोन जितका लवकर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता जास्त. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, समोरच्याचा नंबर आणि चॅट जपून ठेवावं. रागाच्या भरात चॅट पुसून टाकू नये.

सुरुवातीपासूनच फसवायचा इरादा असेल, तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८खालचा गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. १ जुलै २०२४पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हद्दीबाहेरच्या गुन्ह्याचीही फिर्याद घेण्याची तरतूद आहे. म्हणूनच पुण्यात फसलेल्या मुलाचे वडील आपल्या जिल्ह्यातल्या आमगाव किंवा देवरीच्या ठाण्यातही फिर्याद देऊ शकतात. तिथून ती पुण्याच्या संबंधित ठाण्याकडे पाठवली जाते.